हॉटेल कुणाच्या पायांनी निवडावे?

परदेशी मुक्कामाचे हॉटेल निवडताना आपण आधी भाडे पाहतो, मग खिडकीतून काय दिसते ते पाहतो, आणि पायऱ्या किती हे विचारायचे राहूनच जाते. इटलीच्या किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रेला जायचे ठरले तेव्हा मी हा क्रम उलटा केला. कारण बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या, आणि सासूबाईंबरोबर त्यांचे गुडघे होते. मिलानला शिकणाऱ्या आमच्या लेकीचा हट्ट, की आजी हवीच. सासूबाईंचे मात्र निघण्यापूर्वीच ठरले होते, "तुम्ही फिरून या गं, मी खोलीत जप करीत बसेन." एवढ्या लांब नेऊन त्यांना खोलीत बसवायचे नाही, असा मी मनाशी पण केला.

चिंक्वे तेर्रे म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे. इथे डोंगर थेट समुद्रातून उभा राहतो. सपाट जमीन नाही, म्हणून शेकडो वर्षे माणसांनी उतार खोदून पायऱ्यापायऱ्यांची शेते केली आणि चुन्याशिवाय दगडावर दगड रचून त्यांना बांध घातले. कोकणातला गडगाच म्हणा ना! त्यांवर द्राक्षवेली. उतार इतका उभा, की द्राक्षांच्या पेट्या एकाच रुळावरून चालणाऱ्या चिमुकल्या गाडीतून वरखाली करतात. १९९७ साली युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारशात घेतला, त्यात या बांधांचा वाटा मोठा.

इथली शाक्केत्रा नावाची गोड वाइन फार नावाजलेली. सप्टेंबरात तोडलेली द्राक्षे नोव्हेंबरपर्यंत सुकवायची, मग गाळायची. रस थोडा, म्हणून किंमत भारी. ती कृती ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढा खटाटोप? त्यापेक्षा मनुकाच खाव्यात की!"

आता मुद्द्याचे बोलू. जिथे शेतेच पायऱ्यांची, तिथे घरे कशी वेगळी असणार? मोटारी गावाबाहेरच राहतात; सामान आपणच वाहायचे. सुंदर देखाव्याची खोली म्हणजे बहुधा वरची खोली. कोर्निल्या तर समुद्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर. खालच्या स्टेशनापासून गावात जायला पावणेचारशेहून अधिक पायऱ्या! छोटी बस आहे, पण तिच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

मी पाच-सहा ठिकाणी एकच पत्र धाडले. स्टेशनापासून दारापर्यंत पायऱ्या किती? दारापासून खोलीपर्यंत किती? लिफ्ट आहे का, आणि ती कोणत्या मजल्यापासून सुरू होते? मुक्कामाचा स्थानिक कर भाड्यात धरला आहे की वेगळा? एका ठिकाणाहून उत्तर आले, "थोड्याच पायऱ्या." मी लिहिले, "कृपया मोजून कळवा." दुसऱ्या दिवशी आकडा आला, बहात्तर!

शेवटी मोंतेरोस्सो ठरले. पाचांत सपाट रस्ता आणि मोठी पुळण असलेले गाव हेच. त्यातही फेजीना हा नवा भाग बरा. स्टेशन तिथेच, बाहेर पडले की समोर समुद्र. जुन्या गावात जायला डोंगरातून बोगदा आहे. आमच्या हॉटेलाला नऊ पायऱ्या आणि पुढे लिफ्ट. खोली मागल्या बाजूची घेतली. समुद्राऐवजी लिंबाची झाडे दिसत, पण भाडे पुष्कळ कमी. रुळ जवळ आहेत, गाडीचा आवाज येईल, असे मालकीणबाईंनी प्रामाणिकपणे कळवले होते. आम्ही डोंबिवलीकर! आम्हांला आवाज थांबला तर जाग येते.

बाकीची गावे पाहण्यात काही उणे पडले नाही. ला स्पेत्सिया ते लेव्हान्तो धावणारी गाडी पाचही गावांना जोडते. एका गावाहून दुसऱ्याला जायला काही मिनिटे पुरतात. हे आणि लेक डोंगरवाटांनी गेले, आम्ही दोघी गाडीने. वेर्नात्साला स्टेशनचा जिना उतरला की एकच रस्ता थेट बंदरापर्यंत. तिथे बसून आम्ही फारिनाता खाल्ला. हरभऱ्याच्या पिठाचे ते जाड धिरडेच. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही.

एके सकाळी सासूबाई एका बांधापाशी थांबल्या. दगडावर हात फिरवून म्हणाल्या, "वेंगुर्ल्याला पावसाळा सरला की माझे वडील गडगा पुन्हा रचायचे. एक दगड ढळला आणि तसाच ठेवला, की पुढल्या पावसात सगळा जायचा." इथेही तसेच. मळे सोडून माणसे गेली की बांध ढासळतात, माती सुटते. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत चिखलदगडांचा लोंढा वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोत शिरला, माणसेही दगावली. आम्ही ज्याला देखावा म्हणत होतो, ती राबणाऱ्या हातांची राखण होती. हे आम्हां सर्वांत प्रथम कळले ते त्यांना. खोलीत बसल्या असत्या तर आम्हीही कोरडेच परतलो असतो.

म्हणून सांगते, घरातल्या सर्वांत थकलेल्या पायांना पुढे करून हॉटेल निवडावे. तरण्या पायांना डोंगर कुठूनही जवळच असतो. आणि पायऱ्यांचा आकडा मात्र लेखी घ्यावा. "थोड्याच" या शब्दावर कधी विसंबू नये!