यंत्र शाबूत, अ‍ॅप मात्र अडलेले

रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे कपड्याच्या धंद्यात निम्म्या वर्षाची कमाई. २०२४ च्या रमजानमध्ये नेमक्या याच दिवसांत आमच्या दुकानातील लेबल छापण्याचे छोटे यंत्र अडून बसले. बंद पडले असे म्हणणेही बरोबर नाही. यंत्र ठणठणीत होते. दिवा लागत होता, कागदाचा रोल भरलेला होता, बटण दाबले की चाचणीची पट्टीही छापून बाहेर येत होती. झाले एवढेच, की ज्या मोबाइलवरून हे यंत्र चालत असे तो वुजू करताना मुलाच्या खिशातून हौदात पडला. नवा मोबाइल आणला, त्यात अ‍ॅण्ड्रॉइड १४. प्ले स्टोअरवर कंपनीचे अ‍ॅप शोधले, तर उत्तर आले की हे अ‍ॅप जुन्या अ‍ॅण्ड्रॉइडसाठी बनवलेले आहे, तुमच्या फोनला चालणार नाही.

यंत्र २०१७ मध्ये एका लहान कंपनीकडून घेतलेले. फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलला, "चाचा, अपडेट तयार आहे, सोमवारपर्यंत येऊन जाईल." सोमवार गेला. पुढचाही गेला. तिसऱ्या वेळी फोन कोणी उचलला नाही. भाच्याने कुठून तरी व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपची फाइल मागवली, पण फोनने तीही बसवून घेतली नाही. शेवटी आम्ही हाताने चिठ्ठ्या लिहायला बसलो. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, घाईत आकडे उर्दू वळणाचे पडतात आणि उर्दूतला पाच परक्या डोळ्याला शून्यासारखा दिसतो. ४५० रुपयांचे ड्रेस मटेरियल एका मुलाने ४०० समजून विकले, आणि एक नव्हे, गठ्ठाभर नग गेल्यावर ते ध्यानात आले. चूक माझी, मुलाला काय बोलणार?

ईद झाल्यावर मी या प्रकरणाच्या मागे लागलो. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या गल्ल्यावर असे एखादे यंत्र आहे. कोणाकडे बिल छापणारे, कोणाकडे मोबाइलला जोडलेला काटा, कोणाच्या कारखान्यावर कॅमेरे. ही सारी यंत्रे अ‍ॅपच्या दोरीने बांधलेली आहेत, आणि ती दोरी दुसऱ्याच्या हातात आहे.

दोष कुणाचा?

पहिली गोष्ट ही, की अ‍ॅप न बिघडताही जुने होते. फोनची प्रणाली बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी नियम बदलतात. गूगलने २०१८ पासून असा दंडक घातला की प्ले स्टोअरवर येणारे अ‍ॅप आणि त्याचे प्रत्येक अपडेट ठरावीक नव्या नियमांना धरूनच असले पाहिजे, आणि ही पायरी दरवर्षी वर सरकते. अ‍ॅपलने २०१७ मध्ये आयफोनवरची जुन्या ३२ बिट पद्धतीची अ‍ॅप एकदम बंद केली. अ‍ॅण्ड्रॉइड १४ तर, २०१५ साली आलेल्या अ‍ॅण्ड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांवर बनवलेले अ‍ॅप बसवूनच घेत नाही. याला कारणही आहे. लबाड अ‍ॅप मुद्दाम जुन्या नियमांचा आडोसा घेऊन परवानगी न विचारता फोनमधील माहितीला हात घालत. म्हणजे दार बंद केले ते चोरासाठी, आणि त्यात आमचे लेबलही अडकले.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती व्यापाऱ्याला लवकर समजेल. यंत्राचा पैसा एकदाच येतो. अ‍ॅपचा खर्च मात्र दरवर्षी येतो, तोही अ‍ॅण्ड्रॉइडसाठी वेगळा आणि आयफोनसाठी वेगळा. २०१७ मध्ये यंत्र घेतलेल्या माझ्यासारख्या गिऱ्हाइकाकडून कंपनीला पुढे एक रुपयाही मिळालेला नाही. मोठी कंपनी हा भार नव्या विक्रीवर पेलते. लहान कंपनीत अ‍ॅप पाहणारा एक माणूस असतो, पुष्कळदा तोही नोकरीतला नसून बाहेरचा, कामावर पैसे घेणारा. आपल्या भाषेत सांगायचे तर जॅकार्डचा माग कारखानदाराचा, पण नक्षीचे पत्ते डिझाइनवाल्याच्या कपाटात. तो गाव सोडून गेला की माग उभाच्या उभा.

अमेरिकेतील घड्याळ

अशी रखडपट्टी केवळ आपल्याकडच्या स्वस्त यंत्रांची होते असे कोणी समजू नये. कॅलिफोर्नियातील पेबल या लहान कंपनीचा किस्सा पाहण्यासारखा आहे. एरिक मिजिकोव्स्की या तरुणाने २०१२ मध्ये मोबाइलला जोडून चालणाऱ्या मनगटी घड्याळासाठी किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. जवळपास ६९ हजार लोकांनी १ कोटी २ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. माल सप्टेंबर २०१२ मध्ये देण्याचा वायदा होता, तो निघाला जानेवारी २०१३ मध्ये. २०१५ मध्ये नव्या घड्याळासाठी लोकांनी २ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली. घड्याळे मे महिन्यात गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली, पण आयफोनसाठीचे नवे अ‍ॅप अ‍ॅपलच्या तपासणीत पडून होते. हातात नवे घड्याळ आणि ते चालवणारे अ‍ॅप वेशीबाहेर. अ‍ॅपलचे स्वतःचे घड्याळ त्याच्या आदल्याच महिन्यात बाजारात आले होते. मुद्दाम अडवले असे मी म्हणणार नाही, कारण त्याचा पुरावा नाही. पण जकात नाक्यावर बसलेल्याचेच समोर दुकान असेल तर गाडीवाल्याने चार दिवस जादा धरून चालावे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पुढे डिसेंबर २०१६ मध्ये पेबल बंद पडली. फिटबिटने तिचे सॉफ्टवेअर आणि काही माणसे सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरला घेतली, आणि जून २०१८ अखेर जुन्या सेवा थांबल्या. लाखो घड्याळे मनगटावर चालू होती आणि मागे कंपनी नव्हती. मला मोठी वाटते ती गोष्ट याच्या पुढची. बंद होताना त्या लोकांनी २०१७ मध्ये अ‍ॅपचे असे शेवटचे अपडेट दिले, की कंपनीचे सर्व्हर नसले तरी घड्याळ चालावे. रेबल नावाने एकत्र आलेल्या हौशी जाणकारांनी हवामान वगैरेच्या सेवा स्वतः उभ्या केल्या. २०२२ मध्ये ६४ बिटचेच अ‍ॅप चालवणारे नवे फोन आले, तेव्हा पेबलमध्ये पूर्वी काम केलेल्या आणि तेव्हा गूगलमध्ये असलेल्या एका अभियंता बाईंनी जुने अ‍ॅप त्यांवर चालेल असे करून दिले. कंपनी जाऊन सहा वर्षे झाली होती! जानेवारी २०२५ मध्ये गूगलने त्या घड्याळाचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले, आणि त्याच मिजिकोव्स्कीने पुन्हा तशी घड्याळे विकायला सुरुवात केली.

हे वाचून माझा राग थोडा निवळला, पण एका गोष्टीचा निवळला नाही. उशीर समजू शकतो, खोटा सोमवार समजू शकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतला माल ओला लागला, आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही असे त्यांनी विचारले, हा प्रसंग आपल्या मुलामुलांना ठाऊक आहे. मालातील ऐब सांगून विकावा, हे आपण तागा मोजताना पाळतो. कुठे डाग असेल तर खूण लावून देतो. मग अ‍ॅप सांभाळायला माणूस उरलेला नाही, हा ऐब नव्हे काय? मला पहिल्याच फोनला खरे सांगितले असते तर मी त्याच दिवशी दुसरी सोय केली असती.

ती सोय शेवटी अशी झाली. शेजारच्या चप्पलवाल्या भाईंकडे जुना, पडून असलेला फोन होता. त्यात माझाच जुना ईमेल टाकला, आणि पूर्वी घेतलेले अ‍ॅप प्ले स्टोअरवरून बिनबोभाट उतरले. तिथेच पाहिले, तर अ‍ॅपच्या माहितीत शेवटच्या अपडेटची तारीख २०१७ ची! ही तारीख कोणालाही दिसते. यंत्र घेण्याआधी मी ती कधी पाहिली नव्हती. आता दुकानदार कितीही गोड बोलो, मी आधी ती पाहतो. दोन वर्षांत हात लागलेला नसेल तर ते यंत्र फुकटही महाग. दुसरे विचारतो ते हे, की तुमचे अ‍ॅप नसेल तर यंत्र काय करील? बिल छापणारी पुष्कळ यंत्रे सर्वसाधारण आज्ञा समजतात, त्यांना कोणतेही दुसरे अ‍ॅप चालते. काहींना केबल लावून संगणकावरूनही छापता येते. जे यंत्र फक्त स्वतःच्याच अ‍ॅपचे ऐकते, ते स्वस्त असले तरी मी घेत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल? भाच्याचे त्या दिवशी चुकलेच. ज्या फोनवर दुकानाचे यूपीआय आहे, त्यात असली अनोळखी फाइल घालणे म्हणजे गल्ल्याची किल्ली चौकात टांगणे. आमचे नशीब, की फोननेच ती नाकारली.

मोहरमच्या सुमारास, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, कंपनीतून फोन आला. मालक स्वतः बोलत होते. अ‍ॅप लिहिणारा बाहेरचा मुलगा केव्हाच निघून गेला होता, मूळ लिखाण त्याच्यापाशीच राहिले होते आणि सारे अ‍ॅप पहिल्यापासून लिहावे लागले, असे त्यांनी सांगितले. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारले. ते म्हणाले, "गिऱ्हाईक तुटेल म्हणून." नवे अ‍ॅप चांगले चालते आहे, छपाईही पूर्वीपेक्षा लवकर होते. चप्पलवाल्या भाईंनी त्यांचा फोन परत मागितलेला नाही. तो मी चार्ज करून खणात ठेवला आहे, आणि त्याचे अपडेट बंद केले आहे.