डॉक्टर कुठे घडतो?

गेल्या महिन्यात आमच्या परिचयाचे एक गुरुजी दवाखान्यात आले. तब्येतीची तक्रार नव्हती. त्यांची मुलगी एम.बी.बी.एस.ची परीक्षा पास होऊन इंटर्नशिप करीत आहे आणि तिला आता प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे होते. गुरुजी हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिथं जाऊन ती काय शिकणार? त्यापेक्षा पी.जी.चा अभ्यास तरी होईल. कुणाला सांगून नुसती सही मिळाली तर बघा ना."

गुरुजींवर रागावण्यात अर्थ नव्हता. १९९४ साली मी स्वतः अशीच सही शोधत होतो. ती मिळाली नाही, म्हणून निमूटपणे गेलो. आम्हा विद्यार्थ्यांच्या लेखी पी.एस.एम., म्हणजे समाजवैद्यक, हा पाठ करून पास व्हायचा विषय होता.

दुसऱ्याच आठवड्यात जुलाबांनी कोमेजून गेलेले एक मूल आले. मी सलाईन लावले. संध्याकाळी ते खेळू लागले आणि मला मोठा अभिमान वाटला. सिस्टर मात्र म्हणाल्या, "डॉक्टर, हे लेकरू महिन्यात तिसऱ्यांदा आलंय. उद्या वस्तीवर जाऊन येऊ."

वस्तीवरच्या विहिरीला कठडा नव्हता. बायका काठावरच धुणे धूत होत्या आणि ते पाणी पुन्हा विहिरीत उतरत होते. सिस्टरांनी ओ.टी. टेस्ट केली. पाण्यात पुरेसे क्लोरीन असेल, तर थेंब टाकताच ते पिवळे होते. इथे रंग बदललाच नाही. ग्रामपंचायतीत पाहिले, तर टी.सी.एल. पावडरचे पोते उघडे राहून निकामी झाले होते. नवे पोते आले, पावडर नेमाने पडू लागली, धुण्याची जागा हलवली. माझ्या उरलेल्या दोन महिन्यांत ते लेकरू जुलाबांसाठी परत आले नाही. माझ्या सलाईनने त्याचा एक दिवस निभावला होता. विहिरीने पुढचे महिने निभावले.

रोग्याबरोबर त्याचे गावही पाहायचे, ही दृष्टी शिकवता येते. त्याचा उत्तम दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. कार्ल टेलर यांचा जन्म १९१६ साली भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी, अमेरिकन मिशनरी कुटुंबात झाला. १९६० च्या दशकात त्यांनी पंजाबात लुधियानाजवळ नारंगवाल येथे मोठा अभ्यास उभा केला. गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना नीट शिकवले, तर मुलांचे न्यूमोनिया आणि जुलाब त्यांना गावातच हाताळता येतात, हे तेथे दिसले. याच टेलर यांनी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभारला. म्हणजे अमेरिकेतल्या वर्गात पंजाबातल्या खेड्याचा धडा शिकवला जाऊ लागला.

त्या विद्यापीठात आरोग्यशास्त्र शिकून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दोघेही वेल्लोरचे पदवीधर. मोठ्या शहरात त्यांना काय कमी होते? त्यांनी गावोगावच्या बायका, पुष्कळशा निरक्षर आणि दलित कुटुंबांतल्या, आरोग्याच्या कामासाठी तयार केल्या. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये त्याच विद्यापीठाची पदवी घेतली आणि ते गडचिरोलीत गेले. नवजात बाळे का दगावतात, याचा त्यांनी घरोघर शोध घेतला आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्यांच्या ३९ गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. २०११ पासून आशाताई नवजात बाळासाठी घरभेटी देऊ लागल्या, त्यामागे हेच काम आहे.

अर्थात बाल्टिमोरला जाऊन येणारा प्रत्येक डॉक्टर जामखेडला जात नाही. शिक्षण कोणाला ओढून खेड्यात नेत नाही. पण "दवाखान्यात जे आलेच नाहीत, त्यांचे काय झाले?" हा प्रश्न विद्यार्थिदशेत एकदा मनात शिरला, की तो सहसा निघत नाही.

माझेच सांगतो. मी काही मोठे काम केले नाही. तालुक्याच्या गावी साधा दवाखाना चालवतो. पण त्या तीन महिन्यांनी एक सवय लावली. रोग्याच्या नावापुढे मी गाव आणि आळी लिहितो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात रजिस्टर चाळताना दिसले, की पंधरा दिवसांत कावीळ झालेले अकरा जण एकाच आळीतले होते. नगरपालिकेत जाऊन बसलो. खोदल्यावर पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून जाताना फुटलेला सापडला. त्या आळीत दोन गरोदर बायका होत्या. दूषित पाण्यातून होणारी एक प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. दोघी सुखरूप बाळंत झाल्या. आळी लिहिली नसती, तर मी अकरा जणांना अकरा चिठ्ठ्या लिहून मोकळा झालो असतो.

हे सारे गुरुजींना सांगितले. २०२१-२२ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक दिली जातात, हेही सांगितले. तेही काम घरी जाऊन केले तरच उपयोगाचे. नुसती वही भरली, तर तीही एक सहीच. गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाठवतो तिला."

ती निघण्यापूर्वी भेटायला आली. तिला तीनच गोष्टी सांगितल्या: आशाताईंबरोबर घरोघर जा, ओ.टी. टेस्ट स्वतःच्या हाताने कर, आणि प्रत्येक आजारी माणसाला पाणी कुठले पितोस हे विचार.

वाचकहो, आपणही एक करा. घरात जुलाब किंवा कावीळ असेल, तर शेजारीपाजारी आणखी कोणी आजारी आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि आपली मुले वैद्यकीय शिक्षण घेत असतील, तर त्यांच्या गावच्या पोस्टिंगसाठी सही शोधू नका.