गाडीवरच्या सवलती: कुठल्या जुळतात, कुठल्या नाही

दिवाळीनंतर कापसाचे चुकारे हाती येऊ लागतात आणि डिसेंबरात गाड्यांच्या कंपन्यांना वर्षाचा साठा संपवायचा असतो. अकोल्यात नवी गाडी घेणाऱ्याला म्हणूनच या दिवसांत सवलतीही जास्त दिसतात. जाहिरातीतला ‘एकूण फायदा’ मात्र सगळ्या सवलतींची बेरीज असते आणि ती पूर्ण बेरीज एकाच गिऱ्हाइकाला क्वचितच मिळते.

रोख सवलत सगळ्यांना असते. तिच्यावर कॉर्पोरेट सवलत बहुधा चढते. सरकारी नोकर, बँकेचे कर्मचारी, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थेतले लोक तिच्यासाठी विचारू शकतात. नोकरी मुलाची आणि गाडी वडिलांच्या नावावर, असं असेल तर ती अडू शकते, म्हणून गाडी कोणाच्या नावावर घ्यायची ते बुकिंगआधी ठरवा.

खरा पेच जुन्या गाडीचा. ती शोरूमला दिली तर एक्स्चेंज बोनस मिळतो, नोंदणीकृत केंद्रात भंगारात काढली तर स्क्रॅपेज सवलत. २०२४ मध्ये कंपन्यांनी ही सवलत ठरावीक मुदतीसाठी जाहीर केली, तेव्हा शोरूम किमतीच्या दीड टक्का किंवा २० हजार, यातली कमी रक्कम असं सूत्र होतं. ती सध्या चालू आहे का ते विचारून घ्या. एकाच जुन्या गाडीवर हे दोन्ही फायदे जोडता येत नाहीत.

समजा, ८ लाखांची पेट्रोल गाडी आहे आणि एक्स्चेंज बोनस २५ हजार आहे. स्क्रॅपेजचे दीड टक्क्याने १२ हजार होतात, म्हणजे वरवर एक्स्चेंज सरस. पण भंगाराच्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रस्ता करातही सूट मिळू शकते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी ही सूट २५ टक्क्यांपर्यंत आहे; राज्यात सध्या किती, ते आरटीओत विचारावं. १५ टक्के धरली, तर ८ लाखांवरच्या ११ टक्के कराचे, म्हणजे ८८ हजारांचे, १३,२०० वाचतात. १२ हजार मिळवले की २५,२०० झाले! दोन्ही रस्ते जवळपास बरोबरीत आले. आता निकाल जुन्या गाडीच्या दरावर. बाजारात ती लाखभराला जात असेल, तर भंगारात घालणं वेडेपणाचं. इंजिन गेलेलं, पत्रा सडलेला, गिऱ्हाईक मिळत नाही, अशा गाडीला मात्र भंगाराचा रस्ता बरा.

एक्स्चेंजमध्ये एक जागा जपायची असते. जुन्या गाडीचा भाव १० हजारांनी पाडून तेवढाच बोनस वाढवून दाखवता येतो. म्हणून बोनसचं नाव न काढता आधी जुन्या गाडीचा भाव लिहून घ्या आणि बाहेरच्या एखाद्या खरेदीदारालाही विचारा. गाडी दिल्यावर फॉर्म २९ आणि ३० ची कामं होऊन नाव बदललं का, तेही पाहा.

विम्याचा नो-क्लेम बोनस या सगळ्यांशी जुळतो, कारण तो गाडीचा नसून मालकाचा असतो. क्लेम केला नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर २० ते ५० टक्के सूट मिळते. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्यावं. ते ३ वर्षं चालतं. शोरूमचाच विमा घेण्याची सक्ती नाही.

सवलत बिलात दिसली पाहिजे, हे मी आग्रहाने सांगेन. गाडीची किंमत १० लाखांवर गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर, लागतो. १० लाख १० हजारांची गाडी २० हजारांच्या सवलतीने बिलावरच खाली आली, तर तो लागत नाही. भरलेला पैसा आयकराचं विवरणपत्र भरून परत मिळतो, पण विवरणपत्र न भरणाऱ्या शेतकऱ्याचा तो अडकूनच राहतो.

लीजवर गाडी घेणारे आपल्याकडे थोडेच. तिथे खरेदीदार लीज कंपनी असते, म्हणून सवलत वजा करूनच हप्ता काढला का, एवढं विचारा.

गाडी कधी बनली ते फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, असतं. मोठी सवलत पुष्कळदा गेल्या वर्षीच्या गाडीवर असते आणि विकताना ते वर्ष भावात मोजलं जातं.

अकोल्याचं आणि अमरावतीचं, अशी दोन कोटेशनं घ्या. प्रत्येक सवलत वेगळ्या ओळीत लिहायला लावा, ॲक्सेसरीजच्या भेटी बाजूला काढा आणि रस्त्यावर येईपर्यंतचा शेवटचा आकडा ताडून पाहा. तो लेखी मिळाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.