बंदिवासातील अजगराचा अन्नत्याग

बंदिवासातील अजगराचा अन्नत्याग म्हणजे पाळलेल्या, प्राणिसंग्रहालयातील किंवा सुटका करून तात्पुरत्या ठेवलेल्या अजगराने समोर ठेवलेले भक्ष्य दीर्घकाळ न स्वीकारणे होय. हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे. त्याचे मूळ बहुधा अयोग्य तापमान, लपण्याच्या जागेचा अभाव, वारंवार हाताळणी, ऋतुमान किंवा चुकीचे भक्ष्य यांत असते. काही वेळा ते आजारात असते. भारतीय अजगर घरी पाळण्यास भारतात कायद्याने मनाई आहे. त्यामुळे नांदेड व लातूर जिल्ह्यांत हा प्रश्न मुख्यतः दोन प्रकारे उद्भवतो: शेतातून वा वस्तीतून पकडलेला भारतीय अजगर आणि हौसेने पाळलेला परदेशी बॉल पायथन.

उपवासाची शरीररचना

‘अजगर’ हा संस्कृत शब्द ‘अज’ म्हणजे बोकड आणि ‘गर’ म्हणजे गिळणारा यांपासून बनला आहे. अजगर भक्ष्याची वाट पाहत एका जागी दबा धरून बसतो. मोठे भक्ष्य मिळाल्यावर तो अनेक आठवडे काही खात नाही. भारतीय अजगराच्या उपवासाची नोंदलेली कमाल मुदत सुमारे २ वर्षे आहे.

ही क्षमता त्याच्या पचनसंस्थेत आहे. उपवासाच्या काळात आतडे आकसते आणि चयापचय मंदावतो. ब्रह्मी अजगरावरील अभ्यासांनुसार मोठे भक्ष्य गिळल्यानंतर चयापचयाचा वेग मूळच्या ४० पटींहून अधिक वाढू शकतो आणि लहान आतड्याचे वस्तुमान सुमारे दुप्पट होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हृदयाच्या जवनिकांचे वस्तुमान ४८ तासांत सुमारे ४० टक्के वाढल्याचे आढळले. एवढ्या मोठ्या बदलासाठी शरीराला बाहेरून ऊब मिळावी लागते. ती मिळणार नसेल तर गिळलेले भक्ष्य पोटात कुजू शकते. म्हणून थंडीत अन्न नाकारणे हे अजगराच्या दृष्टीने संरक्षक वर्तन ठरते.

नैसर्गिक कारणे

कात टाकण्यापूर्वी अजगराचे डोळे निळसर व धुरकट दिसतात. या दिवसांत तो सहसा खात नाही. भारतीय अजगराचा मीलनकाळ साधारणपणे डिसेंबर ते फेब्रुवारी असतो आणि त्या काळात अन्नावरची इच्छा कमी होते. अंडी घातल्यानंतर मादी त्यांभोवती वेटोळे घालून बसते, स्नायूंच्या आकुंचनातून उष्णता निर्माण करते आणि अंडी उबेपर्यंत बहुधा उपाशी राहते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन ही जाती तर महिनोन्महिने न खाण्यासाठीच पाळणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध आहे.

परिस्थितीजन्य कारणे

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, तर हिवाळ्यातील रात्री बऱ्याच थंड असतात. पत्र्याच्या खोलीत किंवा काचेच्या पेटीत ठेवलेल्या अजगराला ही दोन्ही टोके बाधतात. पेटीची एक बाजू सुमारे ३१ ते ३३ अंश आणि दुसरी सुमारे २६ अंश असावी, म्हणजे साप आपल्या गरजेनुसार जागा बदलू शकतो. वीज गेल्यावर तापक बंद पडतो, ही बाब ग्रामीण भागात विशेष लक्षात घ्यावी लागते.

उघड्या पेटीत, लोकांच्या नजरेसमोर ठेवलेला अजगर भयग्रस्त राहतो. अंग चिकटून बसेल एवढी अरुंद व अंधारी लपणाची जागा उबदार आणि थंड अशा दोन्ही बाजूंना दिल्यास अनेक साप आपणहून खाऊ लागतात.

भक्ष्याविषयीचे गैरसमज हेही एक कारण आहे. नागपंचमीच्या प्रथेमुळे साप दूध पितो अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात दूध हे कोणत्याही सापाचे अन्न नाही. मटणाचे तुकडे अजगर बहुधा भक्ष्य म्हणून ओळखत नाही. त्याने ते गिळले तरी हाडे व आतडी यांतून मिळणारी पोषकद्रव्ये त्यातून मिळत नाहीत. उंदीर, घूस, ससा, पक्षी असे अखंड प्राणी हाच त्याचा आहार होय.

आजार

तोंडातील दाह, श्वसनमार्गाचा संसर्ग, गोचिडी, आतड्यातील कृमी आणि काही विषाणुजन्य रोग यांमुळेही अजगर अन्न सोडतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडातून फेस वा चिकट स्राव येणे, हिरड्या लाल होणे, गिळलेले भक्ष्य बाहेर टाकणे, पाठीचा कणा वर येणे आणि वजनात सुमारे १० टक्क्यांहून अधिक घट होणे ही तपासणीची लक्षणे मानली जातात. केवळ न खाल्लेले दिवस मोजण्यापेक्षा दर आठवड्याला वजन नोंदवणे अधिक उपयुक्त असते. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

उपायांचा क्रम

प्रथम तापमान, लपण, ताजे पाणी आणि शांतता यांची व्यवस्था करून किमान आठवडाभर सापाला हात लावला जात नाही. त्यानंतर संध्याकाळी किंवा रात्री भक्ष्य दिले जाते. त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा जास्त नसावी. अजगराच्या ओठांवरील खवल्यांत उष्णता जाणणारे खळगे असतात. त्यामुळे मृत उंदीर कोमट पाण्याने सजीव प्राण्याच्या अंगाएवढा उबदार करून, कोरडा पुसून लांब चिमट्याने समोर धरल्यास तो भक्ष्य म्हणून ओळखला जाण्याची शक्यता वाढते. नाकारल्यास तो रात्रभर लपणाच्या तोंडाशी ठेवून सकाळी काढून टाकावा आणि पुढचा प्रयत्न ७ ते १० दिवसांनी करावा. रोजचे प्रयत्न भीती वाढवतात.

जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाणे धोक्याचे असते. न खाणारा अजगर प्रतिकार करत नाही आणि उंदीर त्याला कुरतडून गंभीर जखमा करू शकतो. दीर्घ उपवासानंतरचे पहिले भक्ष्य लहान असावे आणि ते गिळल्यावर किमान दोन दिवस साप हाताळू नये.

तोंड उघडून सक्तीने भरवणे हा सर्वांत शेवटचा उपाय आहे. त्यात अन्ननलिकेला इजा होणे, दात तुटणे आणि अन्न श्वासनलिकेत जाणे असे धोके संभवतात. नळीद्वारे द्रवरूप अन्न देण्याचा निर्णय व कृती पशुवैद्यकाचीच असावी.

नांदेड व लातूरमधील संदर्भ

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर परिसरातील वने, पैनगंगा अभयारण्य आणि नदीकाठचा झाडोरा हा अजगराला अनुकूल अधिवास आहे. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या खोऱ्यात उसाची शेती मोठी आहे. ऊसतोडणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असल्याने त्यात सापडणारा अजगर थंडीच्या आणि मीलनाच्या काळात पकडला जातो. असा साप पोत्यात किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवून ‘खात नाही’ म्हणून त्याच्या घशात काही कोंबणे हे त्याच्या मृत्यूचे कारण ठरू शकते. निरोगी वन्य अजगराला भरवण्याची गरज नसते. वन विभागामार्फत पकडल्या ठिकाणाजवळच्या योग्य अधिवासात त्याची लवकर मुक्तता करणे हाच त्याच्या अन्नत्यागावरचा उपाय आहे. जखमी वा आजारी साप मात्र उपचारांसाठी वन विभागाच्या ताब्यात द्यावा लागतो. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भारतीय अजगराचा समावेश आहे. त्याला पकडणे किंवा विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यांना ३ ते ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. अन्न न घेणारा परदेशी अजगर कंटाळून रानात सोडणे हा पर्याय नाही. त्यातून परका रोग स्थानिक सापांत पसरण्याचा धोका असतो आणि सोडलेला साप स्वतःही बहुधा जगत नाही.