चूक सापडली, पण निसटली कुठून?

सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त केली की बहुतेक ठिकाणी काम संपते. मग तशीच दुसरी चूक डोके वर काढते.

अमेरिकेच्या स्पेस शटलचे उड्डाण-सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ह्यूस्टनच्या गटाने हा फेरा तोडला. प्रत्येक चुकीची नोंद होई: ती केव्हा सापडली, कोणत्या कामात शिरली आणि आधीच्या तपासण्यांना चुकवून पुढे कशी आली. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. त्याचे उत्तर मिळाले की दुरुस्ती दोन जागी व्हायची, प्रोग्रॅममध्ये आणि तपासणीच्या पद्धतीतही. शिवाय त्याच जातीच्या चुका उरलेल्या प्रोग्रॅममध्ये धुंडाळल्या जात. लिहिणारे आणि तपासणारे गट वेगळे, त्यांच्यात चढाओढ. त्यामुळे लिहिणारेच आपल्या चुका आधी वेचून काढत. १९९६ पर्यंतच्या शेवटच्या अकरा आवृत्त्यांत मिळून सतराच चुका निघाल्या, आणि प्रोग्रॅम होता सुमारे ४ लाख २० हजार ओळींचा!

चुकीसोबत प्रक्रियाही सुधारण्याचा हा मूळ विचार कारखान्यातला. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या नियंत्रण-आलेखाने प्रक्रियेतला नेहमीचा चढउतार आणि खरा बिघाड वेगळे ओळखता येऊ लागले. सॉफ्टवेअरला कारखान्यातले हे मोजमाप जसेच्या तसे लावणे मात्र मला धोक्याचे वाटते. कारखान्यात एकच स्क्रू लाखो वेळा बनतो, म्हणून दर दहा लाखांमागे दोष मोजता येतात. प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ वेगळी. तिथे दहा लाख म्हणजे नेमके कशाचे, यावरच बैठका रंगतात.