पूर सांगून येतो, मग या लेकरांना आधी का सांगू नये?



पावसाळा सुरू झाला की आपल्या कोल्हापुरात एकच चौकशी असते : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आपलं चौथीतलं पोरगंसुद्धा सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. करवीर तालुक्यातील चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील कितीतरी गावं रिकामी करावी लागली. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. लोकांना हलवलं कुठं? शाळा, मंगल कार्यालयं आणि मठांमध्ये. म्हणजे आपले वर्गच निवारा केंद्र झाले.

आज मी लिहिणार आहे ते बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलामाणसांबद्दल. पूर आला की त्यांना कुठं आणि कसं ठेवायचं, हा प्रश्न आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

त्या रात्री काय झालं

२०१९ साली एका शाळेतल्या निवारा केंद्रावर माझी ड्युटी होती. एका वर्गात सात-आठ कुटुंबं. त्यात दहा-अकरा वर्षांचा, बोलता न येणारा एक मुलगा आईसोबत आलेला. संध्याकाळपासून तो कान दाबून ओरडत होता, दाराकडे पळत होता. जेवायला मसालेभात होता, तो त्यानं हातानं उडवला. शेजारच्या आजी वैतागल्या, "अवो, त्याला गप करा की, आमची पोरं झोपंनात!" मीही दमलो होतो. मी त्या माउलीला म्हणालो, "ताई, जरा समजावा त्याला."

सकाळी बघतो तर मायलेक वर्गात नव्हते. रात्रभर ती बाई त्याला घेऊन रस्त्यावर लावलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली बसली होती. वरून पाऊस. मला म्हणाली, "गुरुजी, इथं कुणाला तरास नाही त्याचा."

आपण त्यांना पुरातून बाहेर काढलं, पण निवारा काही दिला नाही. ते वाक्य आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

मूल हट्टी नसतं, मग असं का वागतं?

अशा मुलांचा दिवस ठरलेल्या गोष्टींवर उभा असतो. तीच जागा, तेच ताट, तीच वेळ. आपण 'उद्या घरी जाऊ' म्हणून मनाची समजूत घालतो. त्याला 'उद्या' ही कल्पनाच नीट कळत नसेल, तर त्याच्या लेखी घर कायमचं गेलं.

त्यात स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, उजेड, वास, स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतात. जनरेटरची घरघर, लाऊडस्पीकरवरच्या सूचना, ओल्या कपड्यांचा वास, रात्रभर चालू असलेली ट्यूबलाइट, हे सगळं एकदम अंगावर येतं. कान दाबणं आणि ओरडणं ही त्याची 'मला सोसत नाही' असं सांगायची भाषा असते. अन्न टाकलं म्हणजे माज नव्हे. काही मुलं ठरावीक चवीचे दोन-तीनच पदार्थ खातात.

धोकेही वेगळे आहेत. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि खोलीची भीती कळत नाही. काहींना फिट येतात. फिटच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर जिवावर बेतू शकतं. कुणी त्रास दिला, अंगाला हात लावला, तरी काहींना ते सांगता येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्येही स्वमग्न मुलांची काही कुटुंबं लोकांच्या तक्रारी नकोत म्हणून निवारा केंद्र सोडून गाडीत राहिली होती. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात दिव्यांगांचे फार हाल झाले. त्यानंतर तिथं २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांचं सार असं, की दिव्यांग माणसाला कुटुंबापासून तोडून वेगळीकडे पाठवू नका, सर्वसाधारण निवाऱ्यातच त्याला लागणारी मदत उभी करा.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम ८ नैसर्गिक आपत्तीतील संरक्षणाबद्दलच आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

म्हणजे ही मदत उपकार नाही, हक्क आहे. पण रात्री दोन वाजता बोट दारात येते, तेव्हा बोटीवरच्या जवानाला हे कोण सांगणार की आतल्या खोलीत एक मुलगा आहे आणि हात धरला की तो घाबरतो? ही माहिती आपल्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे असते. यू-डायसमध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांची नोंद आपणच करतो. ती फक्त ऑनलाइन भरण्यापुरती राहू नये.

पालकांनी घरी करायची तयारी

भूकंप सांगून येत नाही, पण आपला पूर फूट-फूट चढत येतो. या मुलांना हवी असते ती आगाऊ सूचना, आणि पूर नेमका तेवढा वेळ देतो. तो वापरू या.

१. चित्रांची गोष्ट करा : पाऊस पडतो, नदी वाढते, आपण पिशवी घेतो, शाळेत झोपतो, पाणी उतरतं, घरी येतो. सहा चित्रं पुरेत. शेवटचं 'घरी येतो' हे चित्र विसरू नका. जूनपासून रोज एकदा दाखवा.

२. जागा आधी दाखवा : निवारा केंद्र कुठं असेल ते ग्रामपंचायतीत विचारा आणि कोरड्या दिवशी मुलाला तिथं फिरवून आणा. तिथलं संडास-बाथरूमही दाखवा.

३. पिशवी भरून ठेवा : निदान १५ दिवसांची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स, त्याची रोजची चादर, ताट-वाटी, आवडतं खेळणं, चालणारा कोरडा खाऊ, कानात घालायला कापूस किंवा कानटोपी. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं.

४. खिशात कार्ड ठेवा : नाव, पालकांचा फोन, औषध, आणि दोन ओळी : 'मला बोलता येत नाही. हात ओढू नका, आईला बोलवा.'

५. पहिल्या फेरीतच निघा : म्हशी, सामान, शेजारी कुणाचीही वाट न बघता. पाणी दारात येण्याआधी रस्त्यानं चालत जाणं आणि अंधारात बोटीत चढणं यात या मुलांसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. अडचण आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक मुलाच्या कार्डावरच लिहून ठेवा.

शाळेनं आणि शिक्षकांनी करायचं

शाळेच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात अशा मुलांचं एक पान असावं. पालकांची परवानगी घेऊन ती यादी जूनमध्येच ग्रामपंचायत आणि तलाठ्यांकडे द्यावी. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांची मदत घ्यावी. फक्त मुलंच नाहीत, तर चाळिशीतला मुलगा आणि सत्तरीतली आई असंही घर गावात असतं. त्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. त्यांनाही यादीत घ्या.

केंद्र सुरू झालं की एवढं करा :

- एक छोटी खोली शांत ठेवा. कार्यालय, ग्रंथालय, काहीही चालेल. ती शिक्षा म्हणून नाही, आणि कुटुंब सोबतच राहील. लाऊडस्पीकर आणि जनरेटर तिथून लांब.
- जेवणाच्या आणि संडासच्या रांगेत त्यांना उभं करू नका. साधा भात, दही, केळं वेगळं ठेवा.
- दार आणि पाणी यांच्यामध्ये कायम एक मोठं माणूस हवं. आईला दोन तास झोपता यावं म्हणून पाळी लावा, पण मुलाच्या ओळखीच्या माणसाचीच. अनोळखी माणसासोबत त्याला एकटं सोडू नका.
- शेजारच्या कुटुंबांना पहिल्याच संध्याकाळी दोन वाक्यांत समजावून सांगा. लोक वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं.

पाणी उतरल्यावर

घरी गेल्यावर भिंती ओल्या, चिखल, वास, खाट गायब. मुलाला हे घर आपलं वाटत नाही. बरीच मुलं पुन्हा अंथरूण ओलं करतात, शिकलेले शब्द काही काळ विसरतात. घाबरू नका, रागावू नका. जमेल तेवढं आधी त्याचा एक कोपरा स्वच्छ करून पूर्वीसारखा लावा. शाळा उघडल्यावर लगेच अभ्यासाच्या मागे लागू नका.

२०२१ ला पुन्हा पूर आला. त्या मुलाच्या आईनं या वेळी दोन दिवस आधी फोन केला, "गुरुजी, खोली मिळंल काय?" आम्ही ग्रंथालय रिकामं केलं, त्याची चादर खिडकीपासून लांब टाकली. तो पहिल्या रात्री ओरडला. दुसऱ्या रात्री थोडा कमी. तिसऱ्या रात्री आईही झोपली.

फार मोठं काही केलं नव्हतं. एक खोली, एक पडदा आणि आधी केलेला एक फोन. या आठवड्यात तुमच्या शाळेतली अशी एक खोली बघून ठेवा आणि त्या घरी जाऊन एवढंच सांगा : "ताई, पाणी वाढलं तर इकडं या. जागा ठेवलीय."