गाठीचा दुसरा फैसला

मेंदूच्या आवरणांतून, अधिक नेमके बोलायचे तर अरॅक्नॉइड नामक मधल्या आवरणाच्या पेशींतून उद्भवणाऱ्या गाठीस हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने १९२२ साली मेनिन्जिओमा हे नाव दिले, आणि पुढे कित्येक दशके तिचा स्वभाव सौम्य की उग्र हे ठरविण्याचा अखत्यार सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाकडेच राहिला. आता त्याच्या निकालावर अपील चालते. ते कसे चालते, हे मुंबईतील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मला पाहावयास मिळाले.

फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली ती गाठ पांढुरकी, घट्ट आणि एका अंगाने जाड बाह्यावरणाच्या तुकड्याला बिलगलेली होती. विभागातील डॉक्टरीणबाईंनी तिच्यातून सुरी ओढली, तेव्हा पाते वाळूत रुतावे तशी करकर ऐकू आली. कॅल्शियम थरावर थर साचून बनलेल्या सामोमा कणांचा तो आवाज. “ऐकलंत? अर्धं निदान इथंच झालं,” बाई म्हणाल्या, “पण अर्धंच हं!”

मेणाच्या ठोकळ्यात बसविलेल्या तुकड्याचे मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघाले, कोमट पाण्यावर सुरकुती मोडून पसरले आणि काचपट्टीवर चढून रंगविले गेले. भोवऱ्यांसारख्या वलयांत गुंडाळलेल्या पेशी मलाही ओळखता आल्या. विभाजन पावणाऱ्या पेशी मात्र बाईंनी एकेक क्षेत्र सरकवीत मोजल्या. दहा क्षेत्रांत सात. चार ते एकोणीस म्हणजे दुसरी श्रेणी, वीस वा अधिक म्हणजे तिसरी, असा दंडक आहे. पूर्वी मामला येथेच मिटला असता.

परंतु ही गाठ एकदा काढूनही पुन्हा वाढलेली होती, म्हणून तिची जनुकीय झडती घेण्याचे ठरले. अंधाऱ्या खोलीत प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शकाखाली नवव्या गुणसूत्राचा मध्यबिंदू हिरवा आणि त्यावरील सीडीकेएन-टू-ए या जनुकाची जागा लाल दिसते. शेजारच्या रक्तवाहिनीच्या निरोगी पेशीत दोन हिरवे व दोन लाल ठिपके होते. बाईंनी आधी तीच दाखविली, कारण तेथे लाल दिसल्याखेरीज अन्यत्र तो नसण्याला पुराव्याची किंमत नाही. गाठीच्या पेशींत हिरवे दोन्ही शाबूत होते आणि लाल एकही नव्हता. पेशीविभाजनाला लगाम घालणारे हे जनुक दोन्ही प्रतींतून नाहीसे झाले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार विभाजनांची मोजदाद काहीही सांगो, गाठ तिसऱ्या श्रेणीत जाते.

या गाठींच्या दप्तरातील सर्वांत जुनी नोंद मात्र बाविसाव्या गुणसूत्राची. त्याचा अभाव १९६७ सालीच ध्यानात आला होता. त्यावरील एनएफ-टू हे जनुक १९९३ मध्ये हाती लागले. त्यापासून बनणारे मर्लिन हे प्रथिन, शेजारच्या पेशींशी स्पर्श होताच वाढ आवरण्याची ताकीद देते. जवळजवळ निम्म्या गाठींत ती ताकीद देणाराच बेपत्ता असतो. उरलेल्यांपैकी अनेकींत, विशेषतः कवटीच्या तळाशी वाढणाऱ्यांत, ट्राफ-सेव्हन, एकेटी-वन, स्मूदन्ड अशा निराळ्याच जनुकांचे दोष २०१३ मध्ये उघडकीस आले. एवढे ज्ञान जमले, तरी उपचारांचा मुख्य भार अजून शल्यकर्म आणि किरणोपचार यांवरच आहे; औषधे या दोषांच्या मागावर आहेत, पण मला तरी त्यांची चाल फार धिमी वाटते.

तरीही बाईंच्या अहवालात श्रेणीच्या रकान्यातील एका आकड्याने पुष्कळ फरक पडला. दुसऱ्या श्रेणीची गाठ पूर्ण निघाली असेल, तर किरणोपचार द्यावेत की नुसती नजर ठेवावी यावर वैद्यांत मतभेद चालतात. तिसऱ्या श्रेणीला तशी मुभा नसते. त्याच दुपारी तो कागद किरणोपचार विभागाकडे रवाना झाला.